नावे ठेवणारे, नावे पुसणारे

2012 नंतरची तीन-चार वर्षे अँग्युलरजेएस वापरून वेबसाइट बांधणाऱ्यांच्या वाट्याला एक बिघाड हमखास यायचा. प्रोग्रामरच्या मशीनवर सगळे सुरळीत चालायचे, चाचण्या पास व्हायच्या, आणि कोड सर्व्हरवर चढला की पान कोरे. ब्राउझरच्या कन्सोलमध्ये लाल अक्षरांत एक तक्रार असायची: ‘अननोन प्रोव्हायडर: ईप्रोव्हायडर’. सगळा कोड पालथा घातला तरी ‘ईप्रोव्हायडर’ नावाची वस्तू सापडायची नाही, कारण ती कुणी लिहिलेलीच नसायची. कोडचा आकार कमी करणाऱ्या मिनिफायरने एखाद्या फंक्शनच्या पॅरामीटरचे ‘$स्कोप’ हे नाव पुसून तिथे नुसते ‘ई’ ठेवलेले असायचे, आणि अँग्युलर ते ‘ई’ हेच खरे नाव समजून त्याचा पुरवठा कोण करतो ते शोधत बसायचे. यावर उपाय म्हणून मिनिफायरच्या आधी चालणारे प्लगइन निघाले. पहिले एनजीमिन, मग एनजी-अ‍ॅनोटेट. अँग्युलरजेएसचा अधिकृत पाठिंबा 2021 च्या अखेरीस संपला, त्याच्या कितीतरी आधी हे प्लगइनही निवृत्त झाले होते. त्यामुळे आज त्यांची गोष्ट ‘एका फ्रेमवर्कच्या चुकीवर लावलेले ठिगळ’ अशीच सांगितली जाते. हा निवाडा मला पटत नाही. मिनिफिकेशनसाठी कोड आधी तयार करून ठेवण्याचे काम अँग्युलरच्या कितीतरी आधी सुरू झाले होते आणि अँग्युलर गेल्यावरही ते थांबलेले नाही. कोणते नाव केवळ माणसाच्या सोयीसाठी आहे आणि कोणते नाव प्रोग्राम चालताना स्वतः वाचतो, हे मिनिफायरला नुसत्या कोडवरून पूर्ण कळू शकत नाही. ते कुणीतरी त्याला सांगावे लागते. या सांगण्याच्या तऱ्हा बदलत गेल्या, पण सांगण्याची गरज संपली नाही.

याचे मूळ जावास्क्रिप्टच्या जन्मातच आहे. ब्रेंडन आइक यांनी मे 1995 मध्ये नेटस्केप कंपनीत या भाषेचा पहिला नमुना दहा दिवसांत उभा केला, ही गोष्ट आता सर्वांना पाठ आहे. त्या घाईपेक्षा इथे महत्त्वाची आहे ती दुसरी एक बाब: या भाषेत लिहिलेला कोड वाचकाच्या ब्राउझरपर्यंत मजकूर म्हणूनच जायचा. सी भाषेतला प्रोग्राम कंपायलरमधून जातो, तिथे कॉमेंट गळून पडतात, मोकळ्या जागा निघून जातात आणि लोकल व्हेरिएबलची नावे सहसा मागे उरत नाहीत. जावास्क्रिप्टला असा मधला टप्पाच नव्हता. प्रोग्रामरने स्वतःच्या आठवणीसाठी लिहिलेली टिपणे, वाचायला सोपे जावे म्हणून सोडलेला समास, ऐसपैस लांबीची नावे, सगळे टेलिफोनच्या तारेवरून प्रवास करायचे. 56 किलोबिटचा मोडेम अगदी पूर्ण वेगाने चालला तरी सेकंदाला सात किलोबाइट आणतो; म्हणजे शंभर किलोबाइटच्या स्क्रिप्टसाठी चौदा-पंधरा सेकंद थांबणे आले. सुरुवातीला स्क्रिप्ट इतक्या मोठ्या नसायच्या, म्हणून हे खपून गेले. 2004-05 च्या सुमारास जीमेल आणि गूगल मॅप्ससारखी पाने आली, पानाच्या जागी अख्खा प्रोग्रामच ब्राउझरमध्ये उतरू लागला, आणि इतर भाषांत कंपायलर जे काम न बोलता करत होता ते इथे वेगळे साधन लावून करण्याची वेळ आली.

या साधनांतले पहिले प्रसिद्ध नाव डग्लस क्रॉकफर्ड यांच्या जेएसमिनचे. सी भाषेतला हा छोटासा प्रोग्राम कॉमेंट आणि अनावश्यक मोकळ्या जागा काढायचा, बाकी कशाला हात लावायचा नाही. नावे तशीच राहायची. वरवर पाहता यात चुकायला जागा नाही. पण जावास्क्रिप्टमध्ये ओळीच्या शेवटी अर्धविराम विसरला तर इंजिन काही ठिकाणी तो स्वतःच आहे असे धरून चालते. म्हणजे ओळ संपणे ही निव्वळ मोकळी जागा नाही, तिच्यात अर्थ दडलेला असू शकतो. ओळी सरसकट जोडल्या तर दोन वेगळी विधाने एकमेकांना चिकटून तिसराच अर्थ निघतो. म्हणून जेएसमिन काही ठिकाणी ओळ मुद्दाम तशीच सोडायचे, आणि क्रॉकफर्ड यांचा सल्ला असा, की आधी जेएसलिंट या त्यांच्याच तपासनीस साधनातून कोड पास करून घ्या आणि मगच जेएसमिनला द्या. तपासणीशिवाय मिनिफाय करणे हा मूर्खपणा. मिनिफिकेशनपूर्व तयारीचा नियम असा पहिल्याच साधनाबरोबर आला, तेही ज्या साधनाने एकही नाव बदलले नाही त्याच्याबरोबर. (याच जेएसमिनच्या परवान्यात क्रॉकफर्ड यांनी हे सॉफ्टवेअर चांगल्या कामाला वापरावे, वाईटाला नव्हे, अशी अट घातली होती. गंमत म्हणून घातली असावी, पण वकिलांना गंमत कळत नाही. या एका वाक्यापायी जेएसमिनवर आधारलेल्या कोडला मुक्त सॉफ्टवेअर म्हणायचे की नाही यावर अनेक वर्षे काथ्याकूट झाला.)

पुढची पायरी नावे आखूड करण्याची. हे बिनधोक का मानले गेले ते समजून घेतले पाहिजे. फंक्शनच्या आत जाहीर केलेले व्हेरिएबल बाहेरच्यांना दिसत नाही. त्यामुळे ‘एकूणकिंमत’ हे नाव बदलून आतल्या सगळ्या जागी ‘ए’ लिहिले तरी हिशेब तोच राहतो. भाषेच्या नियमांनुसार हे खरे आहे, पण तीन अपवाद वगळून. ‘इव्हॅल’ हे फंक्शन चालू असताना मजकुराचा कोड बनवते आणि त्या मजकुरात जुने नाव असू शकते. ‘विथ’ हे विधान असले की एखादे नाव व्हेरिएबलचे की ऑब्जेक्टच्या गुणधर्माचे हे आधी ठरवता येत नाही. आणि तिसरा अपवाद सर्वांत बेरकी: जावास्क्रिप्टमध्ये फंक्शनला ‘टूस्ट्रिंग’ विचारले की ते स्वतःचा मजकूर हातात देते, नावांसकट. याहूचे जूलियन लकोंत यांनी ऑगस्ट 2007 मध्ये वाययूआय कॉम्प्रेसर प्रसिद्ध केला. कोडला मजकूर न समजता त्याची रचना समजून घेणारा, ऱ्हायनो या जावास्क्रिप्ट इंजिनावर बेतलेला हा मिनिफायर पहिल्या दोन अपवादांपाशी सरळ थांबायचा: ज्या फंक्शनच्या कक्षेत ‘इव्हॅल’ किंवा ‘विथ’ दिसेल तिथली नावे तो बदलायचाच नाही. तिसऱ्यासाठी मात्र त्याच्यापाशी नियम नव्हता, आणि इथेच इतिहास रंजक होतो.

सॅम स्टीफन्सन यांच्या प्रोटोटाइप या लायब्ररीच्या 1.6 आवृत्तीत, म्हणजे 2007 च्या उत्तरार्धात, वारसा सांगण्याची एक सुटसुटीत पद्धत आली. मेथडच्या पहिल्या पॅरामीटरचे नाव ‘$सुपर’ ठेवले की लायब्ररी तिथे आईबापांच्या वर्गातली त्याच नावाची मेथड आणून देई. लायब्ररीला हे कळायचे कसे? फंक्शनचा मजकूर मागवून त्यातली पॅरामीटरची नावे वाचून. अर्थातच नाव आखूड झाले की वारसा तुटायचा. वाययूआय कॉम्प्रेसरच्या कोडमध्ये यासाठी एक खास अट आहे: पहिला पॅरामीटर ‘$सुपर’ असेल तर त्याला हात लावू नये, आणि वर कॉमेंट, की हा प्रोटोटाइप 1.6 साठीचा अपवाद. एका कंपनीच्या सर्वसाधारण साधनात दुसऱ्यांच्या लायब्ररीसाठी नाव घेऊन कोरलेली ही सवलत. अशा सवलती किती देत बसणार? म्हणून त्याच साधनात आणखी एक सोय होती. फंक्शनच्या पहिल्याच ओळीवर अवतरणचिन्हांत नावे लिहायची, प्रत्येकापुढे अपूर्णविराम देऊन ‘नोमंज’ म्हणजे ‘चावू नकोस’ असे सांगायचे, शेवटी अर्धविराम. इंजिनाच्या दृष्टीने ती एक निरर्थक स्ट्रिंग. मिनिफायर मात्र ती वाचायचा, ती नावे राखायचा आणि ती ओळ पुसून टाकायचा. अँग्युलरची पहिली आवृत्ती येण्याच्या पाच वर्षे आधी हे सारे घडले आहे. पॅरामीटरच्या नावात अर्थ भरणारी लायब्ररी, नावे पुसणारे साधन, आणि दोघांत मध्यस्थी करणारी खूण, तिन्ही पात्रे तेव्हाच रंगमंचावर होती.

दुसऱ्या टोकाला गूगलचा क्लोजर कंपायलर. नोव्हेंबर 2009 मध्ये तो सर्वांसाठी खुला झाला. त्याच्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ पद्धतीत व्हेरिएबलच नव्हे तर ऑब्जेक्टच्या गुणधर्मांची नावेही आखूड होतात आणि न वापरलेली फंक्शने पुसली जातात. आकार विलक्षण घटतो, पण अटीही तशाच. एखादा गुणधर्म एका जागी टिंब देऊन आणि दुसऱ्या जागी अवतरणचिन्हांत लिहिला, तर पहिला बदलतो, दुसरा राहतो आणि दोघांची ताटातूट होते. बाहेरच्या लायब्ररीची जी नावे राखायची ती ‘एक्स्टर्न’ नावाच्या वेगळ्या फायलीत जाहीर करावी लागतात. म्हणजे कोड लिहायला बसल्यापासूनच कंपायलर डोळ्यांसमोर ठेवायचा. गूगलच्या आत, जिथे सगळेच त्या शिस्तीत वाढले, तिथे हे जमले. बाहेर थोड्यांनीच ही पद्धत स्वीकारली. लोकांनी जवळ केले ते मिहाई बाझोन यांचे 2010 मधले अग्लिफायजेएस. नोडवर चालणारे, जावाची गरज नसलेले, वेगवान. जानेवारी 2011 मध्ये जेक्वेरी या लायब्ररीने 1.5 या आवृत्तीपासून क्लोजर कंपायलर सोडून अग्लिफाय घेतले, आणि मग ते जवळजवळ सर्वांचे झाले.

या पार्श्वभूमीवर अँग्युलरजेएस आले. मिश्को हेवरी आणि अ‍ॅडम अब्रन्स यांनी 2009 च्या सुमारास त्याची सुरुवात केली, पुढे गूगलने ते सांभाळले आणि जून 2012 मध्ये 1.0 आवृत्ती निघाली. त्याच्या मुळाशी डिपेंडन्सी इंजेक्शनची कल्पना होती: फंक्शनने आपल्याला काय लागते ते सांगायचे, आणून देणे फ्रेमवर्कचे काम. सांगायचे कसे, तर पॅरामीटरला ते नाव देऊन. ‘$स्कोप’ आणि ‘$एचटीटीपी’ असे दोन पॅरामीटर लिहिले की दोन वस्तू हजर. आतली यंत्रणा प्रोटोटाइपसारखीच. फंक्शनचा मजकूर मागवायचा, त्यातल्या कॉमेंट काढायच्या, ‘फंक्शन’ या शब्दानंतरच्या कंसातला भाग एका रेग्युलर एक्स्प्रेशनने पकडायचा, स्वल्पविरामांवर तोडायचा, आणि प्रत्येक तुकड्याला शेवटी ‘प्रोव्हायडर’ जोडून त्या नावाची नोंद शोधायची. सुरुवातीला आलेला तो ‘ईप्रोव्हायडर’ इथून निघतो. अँग्युलरकर्त्यांना हे ठाऊक नव्हते असे नाही. दस्तऐवजांतच इशारा होता, की नुसत्या नावांवर विसंबलेला कोड मिनिफाय होणार नाही. त्यासाठी दोन पर्याय दिले होते: फंक्शनला ‘$इंजेक्ट’ नावाची यादी जोडा, किंवा फंक्शनच्या जागी एक अ‍ॅरे द्या, ज्यात आधी अवतरणचिन्हांतली नावे आणि शेवटी फंक्शन. स्ट्रिंगला मिनिफायर हात लावत नाही, म्हणून नावे सुरक्षित.

पण या अ‍ॅरेमुळे तीच यादी दोनदा लिहावी लागते आणि क्रम तंतोतंत जुळावा लागतो. सात-आठ गोष्टी मागणाऱ्या कंट्रोलर फंक्शनमध्ये मधली एक काढली आणि दुसऱ्या यादीतली काढायची राहिली, की पुढच्या सगळ्या एकेक घर सरकतात आणि ‘$टाइमआउट’च्या नावाखाली ‘$लोकेशन’ हातात येते. असे काम माणसाने करू नये. अँग्युलरच्याच चमूतल्या ब्रायन फोर्ड यांनी एनजीमिन लिहिले ते यासाठी, आणि त्याची ओळख ‘प्री-मिनिफायर’ अशी करून दिली. इतके दिवस जे काम प्रोग्रामरने हाताने करायचे होते त्याला स्वतंत्र साधनाचा दर्जा मिळाला तो इथे. हे शक्य झाले ते 2011 मध्ये अरिया हिदायत यांनी लिहिलेल्या एस्प्रिमासारख्या पार्सरमुळे. जावास्क्रिप्ट मजकुराचे सिंटॅक्स ट्री करून देणे आता कुणालाही जमण्यासारखे झाले होते. एनजीमिन त्या वृक्षात अँग्युलरच्या मॉड्यूलवर केलेली ‘कंट्रोलर’, ‘सर्व्हिस’, ‘डिरेक्टिव्ह’ अशी आवाहने हुडकायचे आणि फंक्शनभोवती अ‍ॅरे गुंडाळायचे. नंतर ओलोव्ह लासस यांचे एनजी-अ‍ॅनोटेट आले. ते अधिक खोल पाहायचे. फंक्शन दुसरीकडे जाहीर करून इथे फक्त त्याचे नाव दिले असेल तर मागोवा घेत मूळ जागी पोचायचे, आणि बाकीच्या मजकुराची मांडणी न विस्कटता नेमक्या जागी अक्षरे घालायचे. काही काळात एनजीमिनने आपली जागा त्यालाच सोडून दिली. आता या साधनांना बसायला घर हवे होते, आणि तेही तेव्हाच बांधून होत होते, म्हणजे कोड बांधण्याची कामे पार पाडणारी साधने: 2012 मध्ये ग्रंट, मग गल्प, शिवाय ब्राउझरिफाय आणि वेबपॅक. प्रत्येकासाठी एनजी-अ‍ॅनोटेटचे वेगळे वेष्टन निघाले. ग्रंटच्या फायलीत कामांचा क्रम लिहिलेला असायचा: फायली जोडा, नावांची नोंद घाला, मग अग्लिफाय चालवा. हा क्रम उलटला तर प्लगइनला नोंदवायला उरायचे ते ‘ई’ आणि ‘टी’. तो मुकाट्याने तेच नोंदवायचा, आणि पान कोरेच.

साधनाला जिथे अंदाज येत नसे तिथे पुन्हा खूण लागायचीच. कुणी स्वतःचे वेष्टन करून कंट्रोलर नोंदवला, तर वृक्षात ओळखीचा आकार दिसत नाही. तेव्हा फंक्शनच्या वर कॉमेंटमध्ये ‘@एनजीइंजेक्ट’ लिहायचे, किंवा फंक्शनच्या आत पहिल्या ओळीवर ‘एनजीइंजेक्ट’ अशी नुसती स्ट्रिंग ठेवायची. ही दुसरी पद्धत त्याच्या सहा-सात वर्षे आधीच्या वाययूआयच्या ‘नोमंज’ची सख्खी बहीण आहे, जागासुद्धा तीच.

यावर पहिला आक्षेप असा, की हे सगळे ओढवून घेतलेले दुखणे होते. फंक्शनचा मजकूर वाचून त्यावर वागणूक ठरवणे ही मुळात वाईट कल्पना, आणि त्यात बराच दम आहे. ‘टूस्ट्रिंग’ने नेमका मूळ मजकूर परत द्यावा अशी हमी भाषेच्या तेव्हाच्या प्रमाणात नव्हती, तपशील इंजिनावर सोडला होता, आणि मूळ मजकूर जसाच्या तसा देण्याचा नियम 2019 च्या आवृत्तीत आला. म्हणजे अँग्युलर सात वर्षे हमीवाचून चालत होते. अँग्युलरच्या वारसदारांनीही ही वाट सोडली, असे आक्षेपक पुढे जोडतात. सप्टेंबर 2016 मधल्या अँग्युलर 2 ने पॅरामीटरच्या नावाऐवजी त्याचा टाइप पाहायला सुरुवात केली. पण टाइप तरी ब्राउझरपर्यंत पोचतो कुठे? टाइपस्क्रिप्टचे टाइप कंपाइल होताना पुसले जातात. त्यांची माहिती जगवण्यासाठी डेकोरेटर लावावे लागतात आणि कंपायलरला ती माहिती कोडमध्ये लिहून ठेवायला सांगावे लागते. एनजी-अ‍ॅनोटेट जे करायचे तेच हे काम, फरक इतकाच की ते आता कंपायलरच्या पोटात गेले आणि प्लगइन म्हणून दिसेनासे झाले. त्यामुळे अँग्युलरने तयारीची गरज निर्माण केली असे म्हणण्यापेक्षा तिची किंमत कोण चुकवणार याची वाटणी बदलली, असे म्हणणे पुराव्याला धरून होईल. अँग्युलरच्या चुकीचा खरा भाग दुसरीकडे आहे: आखूड लिहिण्याची पद्धत विकासाच्या काळात बिनतक्रार चालायची आणि थेट सर्व्हरवर फसायची. ऑक्टोबर 2014 मध्ये 1.3 आवृत्तीने ‘स्ट्रिक्ट डीआय’ची सोय दिली, त्यात नोंद नसलेले फंक्शन प्रोग्रामरच्या मशीनवरच अडवले जाई. ही सोय पहिल्या दिवसापासून असती, तर निम्मी कोरी पाने टळली असती.

दुसरा आक्षेप मिनिफिकेशनवरच आहे, आणि तो जुना आहे: सर्व्हर तसाही जीझिप करून पाठवतो, तर नावे कुरतडण्याची हौस कशाला? जीझिप पुन्हा पुन्हा येणारे तुकडे हुडकून आखूड करते, त्यामुळे शंभर वेळा आलेल्या लांब नावाचा भार खरोखर पुष्कळ उतरतो. इतपत आक्षेप मान्य. पण कॉमेंटमधली वाक्ये पुन्हा पुन्हा येत नाहीत, आणि जो कोड कधीच चालणार नाही त्याला दाबून लहान केले तरी तो उरतोच. शिवाय ब्राउझरमध्ये पोचल्यावर जीझिप उलगडते आणि इंजिनाला सगळा मजकूर पुन्हा वाचावा लागतो. साध्या फोनच्या प्रोसेसरला हा वाचनाचा खर्च जाणवतो. स्टीव्ह साउडर्स यांच्या 2007 मधल्या वेगवान वेबसाइटवरील पुस्तकात चौदा नियम आहेत. त्यात जीझिप चौथा आणि मिनिफिकेशन दहावा, दोन्ही वेगवेगळे. आपल्याकडे सप्टेंबर 2016 मध्ये जिओ येईपर्यंत मोबाइल डेटा एमबी मोजून वापरला जायचा, त्यामुळे इथल्या वाचकाला या हिशेबाची फोड करून सांगायला नको.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जड वाटतो, आणि त्याला पुरते उत्तर माझ्यापाशी नाही. एका पिढीने वेब शिकले ते ‘व्ह्यू सोर्स’ उघडून, दुसऱ्याचे पान कसे चालते ते वाचून. नावे पुसली गेली तशी ही शाळा बंद झाली. सोर्स मॅप आले, 2011 मध्ये त्यांची आजही चालणारी तिसरी आवृत्ती ठरली, आणि आखूड कोडवरून मूळ ओळीपर्यंत पोचण्याची वाट तयार झाली. पण हे नकाशे बहुतेक कंपन्या स्वतःपुरते ठेवतात; ती सोय प्रोग्रामरसाठी झाली, वाटसरूसाठी नाही. मिनिफिकेशनचा उद्देश कोड लपवणे हा नव्हता, आणि क्रॉकफर्ड यांनी तर नावे बदलणे मुद्दाम टाळले होते. तरी परिणाम तोच झाला, हे कबूल करायला हवे.

अँग्युलरनंतर नावांचा प्रश्न थोडा मागे पडला आणि त्याच धाटणीचा दुसरा पुढे आला: काय पुसले तर चालेल? रिअ‍ॅक्ट या लायब्ररीमध्ये विकासकाळासाठी सविस्तर इशारे असतात. ते प्रत्यक्ष साइटवर नकोत म्हणून बिल्डमधला एक प्लगइन ‘प्रोसेस.एन्व्ह.नोड_एन्व्ह’ या नावाच्या जागी सरळ ‘प्रॉडक्शन’ ही स्ट्रिंग घालतो. मग अट उरते ती अशी, की ‘प्रॉडक्शन’ हे ‘प्रॉडक्शन’पेक्षा वेगळे आहे का, मिनिफायरला उत्तर तिथल्या तिथे कळते आणि तो आतला सगळा भाग छाटतो. मिनिफायर छाटतो खरा, पण छाटण्याजोगे करून देतो आधीचा प्लगइन. तसेच ‘प्युअर’चे. एखादे फंक्शन बोलावले आणि त्याचे उत्तर कुठेच वापरले नाही, तर ते आवाहन काढावे का? त्या फंक्शनने आत दुसरीकडे काही बदल केला असेल तर काढून चालणार नाही, आणि मिनिफायरला ते दर वेळी कळत नाही. म्हणून कोडचे रूपांतर करणाऱ्या बेबेल या साधनाचे प्लगइन आवाहनाआधी कॉमेंटमध्ये ‘#__प्युअर__’ अशी ग्वाही लिहून ठेवतात. फेब्रुवारी 2018 मधल्या वेबपॅक 4 ने हीच ग्वाही अख्ख्या पॅकेजसाठी द्यायची सोय केली. ‘साइडइफेक्ट्स’ नाही असे पॅकेजच्या माहितीफायलीत लिहिले की वापरात नसलेल्या फायली वगळल्या जातात. आणि पहिला अनुभव काय आला? निव्वळ आयात केलेल्या सीएसएस फायलीही वगळल्या गेल्या, पाने रंगरूप गमावून बसली, आणि सीएसएसला यादीत अपवाद करा अशी सूचना वेबपॅकच्या दस्तऐवजांत आली. ‘$सुपर’च्या सवलतीला दहा वर्षे होऊन गेली होती.

एनजी-अ‍ॅनोटेटचा सांभाळ 2017 मध्ये थांबला आणि वापरणाऱ्यांना त्याच कामाच्या बेबेल प्लगइनकडे पाठवण्यात आले. अग्लिफायला 2015 नंतरची नवी भाषा नीट झेपेना, म्हणून त्याच्याच एका फांदीतून 2018 मध्ये टर्सर निघाले. पाठोपाठ 2020 मध्ये इव्हान वॉलेस यांचे ईएसबिल्ड आले, गो भाषेत लिहिलेले आणि वेगाने अचंबित करणारे. या दोन्हींत क्लोजर कंपायलरची जुनी महत्त्वाकांक्षा परत दिसते, म्हणजे गुणधर्मांची नावे आखूड करणे. पण अंदाज बांधायचा ती आता प्रयत्नही करत नाहीत. कोणत्या नावांना हात लावायचा हे प्रोग्रामरने सहसा रेग्युलर एक्स्प्रेशन देऊन सांगायचे असते. शेवटी अधोरेखा असलेली नावे पुसायची, ही त्यातली रुळलेली चाल. वाययूआयच्या काळात मिनिफायर सगळे चावायला निघायचा आणि प्रोग्रामर ‘हे सोड’ म्हणायचा. आता गुणधर्मांच्या बाबतीत मिनिफायर हात आखडून बसतो, आणि ‘हे घे’ म्हणण्यासाठी प्रोग्रामर नावाच्या शेपटाला एक रेघ जोडतो.